विश्लेषण : तबल्याविना दहा राग! १९८२ची ‘फसलेली’ तबकडी जगभर का गाजली?

महाड-पोलादपूर पट्ट्यात गणपती असो, शिमगा असो वा लग्नाची वरात. खालूबाजाच्या सनई, ढोल, टिमकीच्या जोडीला आता बेंजो, कीबोर्ड आणि ऑक्टापॅड हटकून असतात. गाणारा कोणी नसतो. सूर वाद्याचा, ठेका यंत्राचा आणि पाय नाचणाऱ्यांचे, असा हा मामला. यातल्या वादकांची नावे मात्र क्वचितच कोणाला ठाऊक असतात. गायकाविना, केवळ इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर, नाचाच्या ठेक्यात सूर मांडायचे हीच कल्पना घेऊन मुंबईतल्या एका वादकाने १९८२ मध्ये चक्क हिंदुस्थानी रागांचा अल्बम काढला. तो तेव्हा चालला नाही. वीस वर्षांनी दिल्लीतल्या एका दुकानात एका डच संग्राहकाच्या हाती त्याची प्रत लागली आणि नंतर जगभरच्या संगीतवेड्यांत एकच चर्चा सुरू झाली. त्या वादकाचे नाव चरणजित सिंग. अल्बमचे नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. हा अल्बम कसा घडला, का फसला आणि आज त्याचे मोल काय, याचा हा वेध.

चरणजित सिंग कोण होते?

सिंग यांचा जन्म १९४०चा. मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत ते वादक म्हणून वावरले. बास गिटार, इलेक्ट्रिक गिटार आणि पुढे सिंथेसायझर ही त्यांची वाद्ये. शंकर-जयकिशन, एस. डी. बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, आर. डी. बर्मन अशा संगीतकारांच्या ध्वनिमुद्रणांत ते वाजवत. याखेरीज त्यांचा स्वतःचा वाद्यवृंदही होता. लग्नसमारंभात हा वाद्यवृंद चित्रपटगीते सादर करी आणि त्यांच्या पत्नी त्यात गात. लोकप्रिय गाण्यांच्या चाली केवळ वाद्यांवर वाजवलेल्या तबकड्याही त्यांच्या नावावर होत्या. अशा तबकड्यांना त्या काळी चांगली मागणी असे.

त्या काळच्या चित्रपटसंगीताची रचना पाहिली तर सिंग यांचे स्थान लक्षात येते. तबकडीवर संगीतकार, गीतकार आणि गायक यांची नावे छापली जात. मागे वाजवणारे पन्नास-साठ जण निनावीच राहत. गोव्याहून आलेले अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट यांच्यासारख्या कलावंतांनी हिंदी गाण्यांच्या वाद्यमेळाला आकार दिला. पण त्यांची नावेही सर्वसामान्य रसिकांपर्यंत फार उशिरा पोहोचली. स्वतःच्या नावाची, स्वतःच्या कल्पनेची तबकडी निघणे ही अशा वादकासाठी मोठीच गोष्ट होती.

अल्बमची कल्पना कशी सुचली?

१९८०च्या आसपास हिंदी चित्रपटांत डिस्कोची लाट होती. ‘कुर्बानी’ (१९८०) मधले नाझिया हसनचे गाणे घराघरांत वाजत होते. १९८१ मध्ये ‘डिस्को दीवाने’ आला आणि १९८२ मध्ये बप्पी लाहिरींच्या संगीताचा ‘डिस्को डान्सर’. स्टुडिओत रोज हेच वाजवणाऱ्या सिंग यांना त्याच ठेक्यातून काही वेगळे करावेसे वाटले. राग घ्यायचे, तबला बाजूला ठेवायचा आणि त्याजागी डिस्कोचा ठेका लावायचा, अशी त्यांची साधी कल्पना होती. पुढे दिलेल्या मुलाखतींतही त्यांनी ती इतक्याच साधेपणाने सांगितली.

त्यासाठी लागणारी यंत्रे भारतात सहज मिळत नव्हती. परदेशी इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर तेव्हा जबर आयातशुल्क होते आणि परवान्यांची कटकट वेगळी. सिंग यांनी ही यंत्रे सिंगापूरहून आणली. घरी त्यांवर राग वाजवून पाहिले, मेळ जमतो असे वाटले, तेव्हा एचएमव्ही कंपनीकडे ध्वनिमुद्रण झाले. संपूर्ण अल्बम दोन दिवसांत मुद्रित झाल्याचे सांगितले जाते. स्टुडिओत झटपट काम उरकायची सवय असलेल्या वादकाला ते अवघड नव्हते. खरी मेहनत आधी घरी झाली होती.

यंत्रे कोणती होती?

तिन्ही यंत्रे जपानच्या रोलँड कंपनीची होती. पहिले ‘ज्युपिटर-८’. हा १९८१ साली आलेला सिंथेसायझर एका वेळी आठ स्वर वाजवू शकत असे. तो त्या वेळच्या सर्वांत महागड्या वाद्यांपैकी एक. रागाची मुख्य सुरावट यावर वाजली.

दुसरे ‘टीआर-८०८’. हे ठेका देणारे यंत्र १९८० मध्ये बाजारात आले आणि १९८३ मध्ये बंद झाले. त्यातले ढोलाचे, झांजेचे आवाज खऱ्या वाद्यांचे मुद्रण नव्हते. विद्युत मंडलातून ते तयार केले जात. त्यामुळे ते खऱ्या ड्रमसारखे वाटत नाहीत, अशी तेव्हा तक्रार होती. पुढे हिप-हॉप संगीताने नेमका हाच आवाज डोक्यावर घेतला.

तिसरे ‘टीबी-३०३’. तादाओ किकुमोतो यांनी रचना केलेली ही चांदीच्या रंगाची छोटी पेटी. सरावासाठी बसलेल्या गिटारवादकाला बास वाजवणारा साथीदार मिळावा, हा तिचा उद्देश. पण तिचा आवाज बास गिटारसारखा नव्हता आणि त्यात सुरावट भरण्याची पद्धतही किचकट. आधी स्वर भरायचे, मग त्यांचा काळ वेगळा भरायचा. सुमारे १० हजार नग तयार करून कंपनीने १९८४ मध्ये ती बंद केली. उरलेल्या पेट्या जुन्या बाजारात कवडीमोलाने गेल्या.

तीन यंत्रे एकत्र कशी वाजली?

वेगवेगळी इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकमेकांना जोडणारी ‘मिडी’ ही सामाईक पद्धत १९८३ मध्ये आली. म्हणजे सिंग यांच्या अल्बमच्या वेळी ती नव्हती. मात्र रोलँडच्या यंत्रांत आपसातल्या जोडणीची सोय होती. ठेक्याचे यंत्र तालाचे ठोके विजेच्या स्पंदांच्या रूपाने बासच्या पेटीला पाठवी; त्यामुळे दोघांची लय सुटत नसे. ‘ज्युपिटर-८’मध्येही बाहेरून आलेल्या स्पंदांवर धरलेले स्वर एकामागून एक आपोआप वाजवण्याची सोय होती.

याचा अर्थ असा, की एकट्या माणसाला ठेका आणि बास यंत्रांवर सोपवून दोन्ही हात सुरावटीसाठी मोकळे ठेवता येत होते. मैफलीत तानपुरा आणि तबला साथीला बसतात आणि मुख्य कलावंत राग मांडतो, त्याचीच ही यांत्रिक आवृत्ती म्हणता येईल. फरक एवढाच, की तबलजी गायकाचा श्वास पाहून हात आवरता घेतो. यंत्राला ते कळत नाही.

राग आणि डिस्को यांची सांगड कशी बसली?

अल्बममध्ये दहा राग आहेत. ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी यांचा त्यांत समावेश आहे. प्रत्येक तुकडा सुमारे पाच मिनिटांचा. ही निवड सरधोपट नाही. भूपाळी, कलावती, मालकंस, बैरागी हे पाच स्वरांचे राग. त्यांची ओळख चटकन पटते आणि बासच्या फिरत्या आकृतीवर ते सहज बसतात. ललतमध्ये मात्र दोन्ही मध्यम आहेत आणि पंचम वर्ज्य. तोडीत कोमल रिषभ-गंधार-धैवतासोबत तीव्र मध्यम आहे. असे राग पाश्चात्त्य स्वरसंगतीच्या चौकटीत बसवणे अवघड असते.

सिंग यांनी ती चौकटच घेतली नाही, हे या अल्बमचे मर्म आहे. डिस्कोत सहसा कॉर्ड बदलत राहतात. इथे तसे होत नाही. षड्जाभोवती घोळणारा बास जवळपास तानपुऱ्याचे काम करतो आणि रागाची सुरावट त्यावर मोकळी फिरते. ‘टीबी-३०३’मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे, सिंथेसायझरवरही ती मिळते. मींड ही आपल्या संगीताची ओळख. कीबोर्डच्या तुटक पट्ट्यांवर ती घेता येत नाही, ही संवादिनीबद्दलचीही जुनीच तक्रार. यंत्रातल्या या घसरणीने ती उणीव काही अंशी भरून काढली.

मर्यादाही आहेत. पहाटेचा ललत, सांजवेळचा यमन आणि रात्रीचा मालकंस सगळे एकाच धावत्या लयीत येतात. विलंबित बढतीला वाव नाही. श्रुतींचे बारकावे कीबोर्डच्या ठरावीक स्वरांत हरवतात. शास्त्रीय संगीताच्या जाणकाराने याला रागदारी म्हणू नये, हे रास्तच. पण सुरावटीची शिस्त त्यांनी सोडलेली नाही. राग ओळखू येतो. नुसती चाल उचलून ठेक्यावर बसवलेली नाही.

याला जॅझ-रॉक म्हणायचे का?

काटेकोरपणे नाही, पण नाते जवळचे आहे. जॅझमधली उत्स्फूर्त बढत आणि रॉकमधला ठाम ठेका, इलेक्ट्रिक वाद्ये यांच्या मिलाफाला जॅझ-रॉक म्हणतात. माइल्स डेव्हिस यांचा ‘बिचेस ब्रू’ (१९७०) हा त्यातला मैलाचा दगड. त्यात गिटार वाजवणारे जॉन मॅक्लॉफलिन यांनी १९७१ मध्ये ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ काढला. त्यात यान हॅमर यांनी सिंथेसायझरला गिटारच्या तोडीस तोड बोलते केले. पुढे याच मॅक्लॉफलिन यांनी झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्यासह ‘शक्ती’ हा गट उभारला. एकाच स्वरसप्तकावर, कॉर्ड न बदलता दीर्घकाळ बढत करायची ही पद्धत जॅझमध्ये ‘मोडल’ म्हणून ओळखली जाते आणि ती रागाच्या कल्पनेशी जुळते. त्यामुळेच या दोन संगीतांची गाठ वारंवार पडत आली.

मुंबईतही हे वारे होतेच. केर्सी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकात हिंदी चित्रपटसंगीतात सिंथेसायझरचे प्रयोग केले. पियानो-कीबोर्डवादक लुई बँक्स यांनी मुंबईत राहून भारतीय जॅझला चेहरा दिला. मॅक्लॉफलिन यांच्या ‘फ्लोटिंग पॉइंट’ (२००८) या अल्बमवरही त्यांचा कीबोर्ड आहे. या सर्वांत एक गोष्ट समान होती. ती म्हणजे वादकांचा आपसातला संवाद. एकाने टाकलेला धागा दुसरा उचलतो, तिसरा तो मोडतो. सिंग यांच्या अल्बममध्ये हा संवाद नाही. एक माणूस आणि तीन यंत्रे. याच एकटेपणामुळे तो जॅझ-रॉकपासून दूर जातो आणि पुढच्या काळातल्या, एकट्याने खोलीत बसून केलेल्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या जवळ पोहोचतो.

तेव्हा तो का चालला नाही?

आकाशवाणीवर त्याचा काही भाग वाजला. पण विक्री झाली नाही. कारणांचा अंदाज बांधता येतो. वाद्यसंगीताच्या तबकड्या घेणाऱ्या ग्राहकाला ओळखीच्या गाण्याची चाल हवी असे. इथे गाणेच नव्हते. रागदारीच्या रसिकाला डिस्कोचा ठेका रुचणारा नव्हता. नाचणाऱ्याला मालकंसाशी देणेघेणे नव्हते. दुकानदाराने तबकडी कोणत्या खणात ठेवायची, हाच प्रश्न. दोन्हीकडच्या ग्राहकांना एकत्र आणू पाहणाऱ्या प्रयोगाकडे दोन्हीकडच्यांनी पाठ फिरवावी, असे अनेकदा होते. सिंग पुन्हा आपल्या नेहमीच्या कामाकडे वळले.

पुन्हा कसा सापडला?

जुन्या हिंदी चित्रपटसंगीताच्या तबकड्या जमवणारे डच संग्राहक एडो बाउमन यांना २००२ मध्ये दिल्लीतल्या एका दुकानात ही तबकडी मिळाली. ऐकल्यावर त्यांना धक्काच बसला. कारण हा आवाज त्यांच्या परिचयाचा होता. पण तो १९८२ मध्ये असायला नको होता. त्यांनी मुंबईत सिंग यांची भेट घेतली आणि २०१० मध्ये आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या छोट्या कंपनीतर्फे अल्बम पुन्हा प्रकाशित केला. सुरुवातीला अनेकांचा विश्वास बसेना. कोणा आजच्या कलाकाराने जुन्या तबकडीचा बनाव रचला असावा, अशीही शंका घेतली गेली. सिंग प्रत्यक्ष समोर आल्यावर ती मिटली. सत्तरी ओलांडलेल्या सिंग यांनी मग युरोपात हेच राग मंचावर वाजवले. त्यांच्यासमोर नाचणारी मुले अल्बम निघाला तेव्हा जन्मलीही नव्हती. जुलै २०१५ मध्ये मुंबईत सिंग यांचे निधन झाले.

‘ॲसिड हाउसचे जनक’ हा दावा खरा का?

ॲसिड हाउस हा नृत्यसंगीताचा प्रकार अमेरिकेतल्या शिकागो शहरात जन्मला. ‘फ्यूचर’ या गटाने जुन्या बाजारातून घेतलेल्या ‘टीबी-३०३’ची बटणे पिळून किंचाळल्यासारखा आवाज काढला, त्यांचा ‘ॲसिड ट्रॅक्स’ १९८७ मध्ये प्रकाशित झाला. तीच पेटी, तसाच सलग चार ठोक्यांचा ठेका आणि तसाच फिरता बास सिंग यांच्या अल्बमवर पाच वर्षे आधी आहे. म्हणून ‘पहिला ॲसिड हाउस अल्बम भारतात झाला’ असे मथळे झळकले.

यातला अर्धा भाग खरा आहे. साम्य निर्विवाद आहे. परंतु जनक म्हणायचे तर पुढची परंपरा त्यातून निघायला हवी. शिकागोच्या तरुणांनी ही तबकडी ऐकल्याचा काहीही पुरावा नाही आणि सिंग यांनाही हा प्रकार नंतरच कळला. दोन ठिकाणी, दोन वेगळ्या कारणांनी, एकच यंत्र हाती आले आणि निष्कर्ष सारखा निघाला, इतकेच म्हणता येते. सिंग यांनी बास सतत फिरता ठेवला तो षड्ज धरून ठेवण्यासाठी. शिकागोत तो नाचणाऱ्यांना झपाटण्यासाठी होता. ‘आधी आम्हीच केले’ या अभिमानापेक्षा हा योगायोग अधिक विचार करायला लावणारा आहे.

मालकी कोणाची, श्रेय कोणाचे?

भारतीय स्वामित्व हक्क कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क सर्वसाधारणपणे त्याच्या निर्मात्याकडे असतो आणि प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. एचएमव्ही ही आजची सारेगामा. २०१२च्या कायदादुरुस्तीने आपल्या वादनाचा व्यावसायिक वापर झाल्यास कलाकाराला मानधनाचा वाटा मिळण्याची तरतूद केली. पण ती सिंग यांच्या उमेदीच्या काळानंतर तीन दशकांनी. त्यांचे नाव निदान तबकडीवर छापलेले होते, म्हणून बाउमन त्यांच्यापर्यंत पोहोचू शकले. हिंदी गाण्यांत वाजवलेल्या त्यांच्या शेकडो बास सुरावटींचे तसे झाले नाही.

महाड-पोलादपूरला यातून काय घेण्यासारखे आहे?

वरकरणी दूरचा वाटणारा हा विषय इथल्या वाद्यपथकांच्या अंगणातलाच आहे. ज्याला वाडीवस्तीवरही ‘ऑक्टापॅड’ म्हणतात, ते नाव याच रोलँड कंपनीच्या १९८५च्या वाद्याचे. आपण ज्याला बेंजो म्हणतो ते बुलबुलतरंगही जपानच्या ‘ताइशोगोतो’ या १९१२ मधल्या वाद्याचे भावंड. कोकणाने दोन्ही आपलीशी केली. मुंबईत नोकरी करणाऱ्या चाकरमान्यांबरोबर ही वाद्ये, त्यांवरच्या चाली आणि ठेके सावित्रीच्या खोऱ्यात आले. इथे त्यांची गाठ खालूबाजाच्या ठेक्याशी, पालखीच्या आणि छबिन्याच्या तालाशी पडली. परदेशी यंत्रावर घरचा सूर वाजवणे ही सिंग यांची युक्ती इथे दर हंगामात नव्याने होत असते.

फरक नोंदीचा आहे. पथकाचे वादन मोबाइलवर मुद्रित होते, एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि दोन सणांत पुसले जाते. कोणी वाजवले, कोणत्या गावी, कोणत्या साली, खालूबाजाचा कोणता ठेका ऑक्टापॅडवर कसा उतरवला, हे कुठेच लिहिलेले नसते. चांगले ध्वनिमुद्रण करून त्यावर सर्व वादकांची नावे, गाव आणि तारीख घालणे याला आज फारसा खर्च येत नाही. शाळा-महाविद्यालये, वाचनालये आणि गावोगावची मंडळे हे काम सहज करू शकतात. पथकांनीही चालू गाण्यांच्या चालींबरोबर वर्षाकाठी एखादी स्वतःची रचना बसवली, तर ती चालेल की नाही हे कोणी सांगू शकत नाही. १९८२ मध्ये सिंग यांनाही ते सांगता आले नव्हते. वीस वर्षांनी शोधणारा आला तेव्हा त्याच्या हाती लागावी अशी एक तबकडी आणि तिच्यावर एक नाव शिल्लक होते.